घरची अरबी

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
११ ऑक्टोबर १९८५

प्रिय शरयूमावशी,

खुशाली शेवटी लिहीन, जागा उरली तर. आज मी एका भल्या माणसाला आणि एका भल्या बाईला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की त्यातल्या निम्म्या मला येतात हे मलाच ठाऊक नव्हतं. तुलाच लिहायचं कारण म्हणजे ती भली बाई तुझ्या धंद्यातली आहे. तू कॅरीच्या शाळांतून मुलांचं बोलणं तपासत फिरतेस, ही इथे मुलांची बुद्धी तपासते.

आईने तुला सांगितलंच असेल की मी अरबी मुलांच्या बोलण्यावर पीएच.डी. करते आहे. (आई लोकांना सांगते, 'ती तिकडे उर्दू शिकतेय.' असो.) अरबी भाषेचे दोन मजले आहेत. खालच्या मजल्यावरची घरात, बाजारात, भांडणात चालते आणि ती प्रत्येक देशाची वेगळी. वरच्या मजल्यावरची पुस्तकांची, बातम्यांची, मशिदीतल्या प्रवचनाची, ती सगळीकडे एकच. ही वरची भाषा कुणाच्याही आईची नसते. ती शाळेत गेल्यावर शिकायची असते.

इथल्या फॅमिली क्वार्टर्समध्ये एक इजिप्तचं कुटुंब राहतं. रिफअत शेतीच्या इंजिनिअरिंगमध्ये पीएच.डी. करतोय, नाहिद त्याची बायको, आणि मरवा त्यांची मुलगी, नुकती पाच पूर्ण झालेली. वर्षभर दर शनिवारी मी टेपरेकॉर्डर घेऊन त्यांच्याकडे जाते. मरवा इतकी बोलते की कॅसेट संपते आणि तिची गोष्ट संपत नाही. मागच्या महिन्यात ती शाळेत जायला लागली आणि तिथे गप्प बसली. इंग्रजी येत नाही म्हटल्यावर काय बोलणार? पण टीचरला शंका आली. मग सायकॉलॉजिस्टबाईंनी परीक्षा ठरवली, आणि त्यासाठी रिफअतने सगळे प्रश्न स्वतः अरबीत उतरवून दिले. इथे दुसरा अरबी दुभाष्या नाही, तेव्हा विचारायचे पण त्यानेच. नाहिदने मला सोबत नेलं होतं.

मावशी, त्याने प्रश्न वरच्या मजल्यावरच्या अरबीत लिहिले होते. आणि वाचले कसे? सुटाची बटणं लावून, ताठ उभं राहून, रेडिओवर बातम्या देतात तसे. समोर चित्र होतं, एक मुलगी रडतेय. आपल्या मराठीत सांगायचं तर त्याने पोटच्या पोरीला विचारलं, 'सदर चित्रातील बालिका कोणत्या कारणास्तव रुदन करीत आहे?' मरवा आधी हसली. तिला वाटलं बाबा खेळतोय. तो हसला नाही. त्याने पुन्हा तेच वाचलं. तेव्हा ती घाबरून म्हणाली, 'बाबा, इन्ता बितित्कल्लिम केदा लेह?' म्हणजे, 'बाबा, तुम्ही असं का बोलताय?'

बाईंनी विचारलं, 'व्हॉट डिड शी से?'

आणि रिफअत म्हणाला, 'नथिंग.'

मी खुर्चीतून उठून म्हणाले, ती बोलली, पूर्ण वाक्य बोलली. बाई गोड हसून म्हणाल्या, 'ऑब्झर्व्हर्सनी मध्ये बोलायचं नसतं.' मग मला बाहेर पाठवलं. काल रिझल्ट आला. मुलगी मतिमंद, जानेवारीपासून स्पेशल क्लास. रिफअतने सहीसुद्धा करून टाकली.

हे थांबवता येतं का? कसं? लवकर लिही.

तुझी,
पद्मिनी


कॅरी, नॉर्थ कॅरोलिना
२० ऑक्टोबर १९८५

पद्मिनी,

पत्र वाचलं. दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा नुसता धूरच दिसला.

मी तुझ्या आईची मावसबहीण असले तरी माझी अक्कल तिच्यासारखी मऊ नाही, तेव्हा स्पष्ट लिहिते. परीक्षा चालू असताना तू मध्ये बोललीस ही चूक केलीस. माझ्या खोलीत कुणी असं उठलं असतं तर मीही बाहेर काढलं असतं. आईबाप, मावश्या, शेजारणी, सगळ्यांना आपलं पोर हुशारच वाटतं. मी रोज चाळीस मैल ड्राइव्ह करून तीन शाळांत जाते आणि रोज कुणीतरी मला सांगतं की 'घरी खूप बोलते हो ती'. काही वेळा खरं असतं. काही वेळा नसतं आणि आपल्या प्रेमापायी त्या लेकराला हवी ती मदत मिळायची राहते. तू भाषेची विद्यार्थिनी आहेस, मुलांची नाही. ती मुलगी खरंच मागे नाही अशी तुझी खात्री आहे? की तुझ्या कॅसेटवर ती छान वाजते म्हणून?

आता कामाचं. पंच्याहत्तर सालचा कायदा आहे. मुलाची परीक्षा त्याच्या मातृभाषेत घ्यावी लागते, नाहीतर ती परीक्षा धरत नाहीत. बहुतेक शाळा इथेच घोळ घालतात, इंग्रजीत परीक्षा घेतात आणि मूल गप्प बसलं की शिक्का मारतात. तुझ्या त्या बाईंनी चित्रांचे काही प्रश्न इंग्रजीत घेतले असतील तर पकडता येईल. तेवढं नीट बघ आणि कळव.

आणि तो बाप त्रासदायक असला तरी बाप आहे. तू कोण? शनिवारची पाहुणी. 'नथिंग' म्हणाला, त्याला घाम फुटला असेल. परक्या देशात, परक्या बाईसमोर आपली पोर अडखळते म्हटल्यावर कोण शहाण्यासारखं वागतं?

तुझी आई विचारत होती, तू जेवतेस ना वेळेवर. मी सांगितलं, राग खाऊन पोट भरतंय.

शरयूमावशी


स्टेट कॉलेज
२७ ऑक्टोबर १९८५

शरयूमावशी,

परीक्षेतला एक शब्दही इंग्रजीत नव्हता! तेच तर दुखणं आहे. शाळेने कायदा अगदी तंतोतंत पाळला. फाइलवर लिहिलंय, 'मातृभाषा: अरबी. परीक्षेची भाषा: अरबी.' कायदा खूश, शाळा खूश, रिफअत तर इतका खूश की प्रश्नांची एक प्रत त्याने इजिप्तला वडिलांना पाठवली. त्याचे वडील तिकडे एका लहान गावात अरबीचे मास्तर आहेत. अमेरिकन लोकांना आपली खरी भाषा दिसू दे, म्हणून त्याने जीव ओतून भाषांतर केलं म्हणे. सगळ्यांनी सगळं बरोबर केलं आणि शेवटी मतिमंद कोण ठरलं, तर मरवा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

तुला माझी खात्री हवी आहे ना? घे. मला बाहेर काढल्यावरचं हे नाहिदने सांगितलं. एका चित्रात दोन मुली खेळताहेत. वरच्या भाषेत दोघांसाठी क्रियापदाचं वेगळंच रूप लागतं. खालच्या भाषेत ते रूप नाही. कैरोमधल्या प्रोफेसरच्या घरातही नाही. मरवा म्हणाली, 'बियिल्अबू', खेळतायत. तिच्या घरच्या भाषेत हे शंभर टक्के बरोबर आहे. बापाने मान हलवली, बाईंनी फुली मारली. असे दोघांचे प्रश्न त्याने हौसेने जास्तच घातले होते, कारण त्याला ती रूपं सुंदर वाटतात. मला पण वाटतात, मावशी. दोन वर्षं घासून शिकले मी ती. पण मी सव्वीस वर्षांची आहे आणि ती चुकले म्हणून मला कुणी वेगळ्या वर्गात टाकत नाही.

माझ्याकडे वर्षभराच्या कॅसेट आहेत. मरवा नकार कसा देते, अट कशी घालते, 'मी झोपले नव्हते, नुसते डोळे मिटले होते' असं खोटं कसं बोलते, सगळं आहे. खोटं बोलणारं, तेही इतकं नीट व्याकरणात खोटं बोलणारं मूल मागे असतं का गं?

रिफअतशी बोलले. तो शांतपणे म्हणाला, 'सिस्टर, तू जे टेप करतेस ती भाषाच नाही. तिला व्याकरण नसतं. माझी मुलगी अरबीत नापास झाली याची मला लाज वाटते, पण आमची स्वयंपाकघरातली बडबड सरकारी कागदावर लिहिली जावी याची त्याहून जास्त वाटेल.' मग मला सांगितलं, शनिवारी येऊ नकोस.

तुझी परवानगी असो नसो, मी त्याला माफ करणार नाही. ज्या भाषेत याने बायकोला मागणी घातली, ज्या भाषेत आईच्या हातचं जेवण मागून खाल्लं, ती म्हणे भाषाच नाही! आणि घाम फुटला असेल म्हणतेस? एक थेंबही नाही. मी समोर होते.

पद्मिनी


कॅरी
९ नोव्हेंबर १९८५

चि. पद्मिनी,

आता धूर कमी झाला, आग दिसली. बरं.

कॅसेटबद्दल मान्य. पोर मागे नाही. खोट्याचं उदाहरण मला पटलं, माझ्या ऑफिसात भिंतीवर लावण्यासारखं आहे.

पण एक मान्य नाही. तू असं लिहितेस जणू वरची भाषा म्हणजे कुणीतरी गरिबांच्या डोक्यावर मारलेला दगड. मी नागपूरची. लग्न होऊन पुण्याला आले आणि पहिल्याच दिवशी जावेला म्हटलं, 'काय करून राहिल्या?' सगळं घर हसलं. दीर महिनाभर माझी नक्कल करत होते. मी काय केलं? कुणाकडे रडत गेले नाही. त्यांची भाषा शिकले, त्यांच्यापेक्षा चांगली शिकले, आणि आज सासरचे लग्नपत्रिकेचा मजकूर माझ्याकडून लिहून घेतात. मुलांना प्रमाण भाषा यायलाच हवी. रिफअतचं चुकलं ते कुठे आणि कधी एवढंच.

मला त्या नाहिदबद्दल वाटतं. नवऱ्याने सही केली, ती गप्प. अशा बायका मी रोज बघते. कोपऱ्यात बसतात, पर्स घट्ट धरून. तिच्या जिवाचं काय होत असेल?

तर ऐक. कायद्यात 'पालक' म्हणजे फक्त बाप नाही. आईला तेवढाच हक्क. स्पेशल क्लासमध्ये घालण्याआधी आई लेखी मीटिंग मागू शकते, आणि शाळेला ती द्यावीच लागते. नाहिदने मागावी. मीटिंगमध्ये तीच चित्रं तिने पोरीला आपल्या भाषेत विचारावीत, सगळ्यांदेखत. तू तोंड उघडायचं नाहीस. तू बोललीस की ते भाषाशास्त्र होतं, आई बोलली की ते मूल होतं. शाळावाल्यांना मूल दिसू दे.

मला कुठे मध्ये आणू नकोस. माझं कॉन्ट्रॅक्ट वर्षावर्षाचं आहे आणि एका राज्यातल्या शाळेविरुद्ध दुसऱ्या राज्यातली बाई सल्ले देते हे आमच्या डायरेक्टरला आवडायचं नाही.

शरयूमावशी


स्टेट कॉलेज
१४ डिसेंबर १९८५

शरयूमावशी,

संपलं सगळं. तुझ्या सल्ल्याने संपलं, हेही लिहून टाकते म्हणजे मनात राहायला नको.

आधी तुझी नाहिद. ती कोपऱ्यात पर्स धरून बसणारी बाई नाही. घरी तिचा आवाज तळमजल्यापर्यंत येतो. रिफअतने मला घरी यायला बंदी केल्यावर ती मला क्वार्टर्सच्या लाँड्री रूममध्ये भेटायची. कपडे ड्रायरमध्ये टाकायचे आणि त्या घरघरीत बोलायचं. तिने सही का केली नाही माहीत आहे? तिला कुणी विचारलंच नाही. मीटिंग मागता येते म्हटल्यावर तिने ओला टॉवेल माझ्या अंगावर फेकला आणि म्हणाली, इतके दिवस काय झोपली होतीस? अर्ज मी इंग्रजीत लिहिला, सही तिने केली. रिफअत तिच्याशी आठवडाभर बोलला नाही. तीही आपणहून बोलायला गेली नाही.

परवा मीटिंग झाली. बालवर्गाचीच खोली. सगळे मोठे त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसलेले. प्रिन्सिपल, टीचर, सायकॉलॉजिस्टबाई, रिफअत, आणि भिंतीशी मी, तोंड शिवून. नाहिद खुर्चीवर बसलीच नाही. गालिच्यावर मांडी घालून बसली, मरवाला समोर घेतलं, चित्रं पसरली आणि रोजच्या आवाजात विचारलं, 'ही का गं रडतेय?'

मावशी, मरवाने त्या रडणाऱ्या मुलीची अख्खी कुंडली मांडली. तिच्या भावाने चेंडू घेतला, तिने मागितला, त्याने दिला नाही, आई आली असती तर त्याला ओरडली असती पण आई बाजारात गेली आहे. 'आली असती तर' हे पाच वर्षांची पोर बोलत होती! मग तिने स्वतःच दुसरं चित्र उचललं आणि आईलाच विचारायला लागली. टीचर हसायला लागली. सायकॉलॉजिस्टबाई पुढे झुकल्या, खरंच आनंदल्या होत्या, ते मी नाकारत नाही. त्या रिफअतकडे वळून म्हणाल्या, 'धिस इज वंडरफुल. इज धिस अरॅबिक?'

मला वाटलं, जिंकलो.

रिफअतने टाय सारखा केला आणि म्हणाला, 'नो, मॅम. धिस इज नॉट अरॅबिक. धिस इज ओन्ली हाऊ पीपल टॉक.'

ही अरबी नव्हे, हे नुसतं लोकांचं बोलणं. बायकोसमोर, मुलीसमोर म्हणाला. बाईंचा चेहरा पडला. त्या म्हणाल्या, मग अरबीतला रिझल्टच धरावा लागेल, कारण फाइलमध्ये भाषा अरबी आहे. प्रिन्सिपलने मीटिंगच्या नोंदीत तसं टाइप करून घेतलं. नाहिदला इंग्रजी फार येत नाही, पण 'नॉट अरॅबिक' कळायला किती इंग्रजी लागतं? ती उठली, मरवाला कडेवर घेतलं आणि थंडीत कोट न घालता बाहेर गेली.

मी तोंड उघडलं नाही. तू सांगितलं होतंस. मला बोलू दिलं असतंस तर मी त्या माणसाला तिथल्या तिथे धुतला असता. तुझी ती लग्नपत्रिकेची प्रमाण भाषा तुला लखलाभ. तू बावीस वर्षांची होतीस, मावशी, आणि तुला लोक हसले. हिला पाचव्या वर्षी मूर्ख ठरवलंय, आणि ठरवणाऱ्याने आधी टाय सारखा केला.

जानेवारीत स्पेशल क्लास सुरू.

पद्मिनी


कॅरी
१९ डिसेंबर १९८५

पद्मिनी,

हे एक्स्प्रेसने पाठवते आहे. तुझ्या शिव्यांचं उत्तर नंतर देईन. उधार राहू दे.

मूर्ख पोरी, तो बाप काय बोलून बसलाय ते तुला कळलं नाही? 'ही अरबी नव्हे' असं तो सगळ्यांसमोर म्हणाला आणि शाळेने ते स्वतःच्या नोंदीत टाइप केलं. मग आता मला सांग, मरवा घरी काय बोलते? बाप म्हणतो, अरबी नव्हे. मग तिची मातृभाषा अरबी नाही. मग ऑक्टोबरमध्ये तिची परीक्षा कोणत्या भाषेत झाली? परक्या भाषेत. कायदा काय म्हणतो? मातृभाषेतच. म्हणजे ती परीक्षा रद्द, रिझल्ट रद्द, आणि बापाने केलेली सहीसुद्धा रद्द, कारण ती त्याच रिझल्टवर केली आहे.

आणि उद्या तो शहाणा होऊन म्हणाला की नाही नाही, ही अरबीच, तर आणखी उत्तम. मग पोरीने चौघांसमोर अरबीत धडाधड उत्तरं दिली आहेत, ती मोजा. इकडे आड, तिकडे विहीर. त्याने स्वतःच दोन्ही खणून ठेवलीयत.

नाहिदच्या सहीने शाळेला पत्र जाऊ दे, रजिस्टर्ड. एक प्रत डिस्ट्रिक्टच्या ऑफिसला. त्यात रागाचा एक शब्द नको. मीटिंगच्या नोंदीतलं वाक्य जसंच्या तसं उतरव, कायद्याचं कलम मी वेगळ्या कागदावर लिहून सोबत जोडलंय ते घाल, आणि मागणी एकच: मुलीच्या घरच्या भाषेत नवी परीक्षा, आणि ती होईपर्यंत मुलगी आहे त्याच वर्गात. दुभाष्या कोण, असं विचारतील. सांगायचं, तिची आई प्रश्न विचारेल आणि तू इंग्रजीत सांगशील. आता मध्ये बोलायची पाळी तुझी. पण मरवा बोलेल तेवढंच सांगायचं. एक शब्द जास्त नाही, तिला कितीही वाचवावंसं वाटलं तरी.

पत्राखाली माझं नाव घाल. हुद्दा घाल. घरचा आणि ऑफिसचा फोन नंबर घाल. तुझं पत्र वाचून मी काल आमच्या डायरेक्टरला सहज विचारलं की आपल्याकडे मुलांच्या फाइलवर भाषा लिहितात ती कुणाला विचारून लिहितात. तो म्हणाला, 'शरयू, डोन्ट मेक ट्रबल.' सतरा वर्षं या देशात मी ट्रबल केलेलं नाही. प्रत्येक बाईच्या डब्याला छान म्हणत आले, माझ्या नावाचं त्यांनी 'शेरी' केलं तरी ओ देत आले. आता मला इतका राग आला आहे की पेनाने कागद दोनदा फाटला, बघ. कॉन्ट्रॅक्ट जायचं तर जाऊ दे.

मला लोक हसले होते ते मी विसरले असं तुला वाटतं? बावीस वर्षं झाली. अजून पुण्याला फोन लावताना आधी वाक्य मनात जुळवते आणि मग बोलते.

शरयूमावशी


स्टेट कॉलेज
९ फेब्रुवारी १९८६

प्रिय मावशी,

फोनवर तुला रिझल्ट सांगितलाच. मरवा तिच्याच वर्गात आहे आणि राहणार. सायकॉलॉजिस्टबाईंनी नव्या रिपोर्टमध्ये 'वयाच्या मानाने पुढे' असं लिहिलंय. तुझ्या डायरेक्टरने तुला काय सांगितलं ते मात्र तू फोनवर टाळलंस. एप्रिलमध्ये तुझं कॉन्ट्रॅक्ट नवं होतं की नाही ते कळेलच, तोपर्यंत टाळता येईल, पुढे सांगावं लागेल. मी विसरणारी नाही.

जे फोनवर सांगता आलं नाही ते लिहिते.

डिस्ट्रिक्टचा माणूस आला होता, बारीक, सर्दी झालेला. त्याने नोंद वाचली आणि रिफअतला एकच विचारलं, 'मुलगी घरी बोलते ती अरबी आहे की नाही? मला कागदावर काहीतरी लिहावं लागेल.' रिफअतने कागद स्वतःकडे ओढला. मला वाटलं, आता तरी म्हणेल, हो, अरबीच, माझ्या आईची. तेवढ्यावर सगळं मिटत होतं. मी अक्षरशः मनात त्याला विनवत होते, ज्या माणसाला चार महिने शिव्या घातल्या त्याला. पण त्याने पेन घेतलं आणि लिहून दिलं की माझ्या मुलीची मातृभाषा अरबी नाही. मुलीपेक्षा त्याने भाषेची अब्रू वाचवली, आणि त्यातून मुलगी आपोआप वाचली. यात त्याचं श्रेय काडीचं नाही. सही करून झाल्यावर तो मला म्हणाला, 'तुझं समाधान झालं?' मी म्हटलं, 'नाही.'

परीक्षेत मी तुझं ऐकलं. एका चित्राला मरवाने खरंच चुकीचं उत्तर दिलं. माकडाला पंख आहेत म्हणाली, कदाचित मुद्दाम. जीभ इतकी वळवळली! पण 'मंकी हॅज विंग्ज' असंच सांगितलं. बाईंनी फुली मारली आणि ती फुली मला चक्क आवडली, कारण ती तिच्या स्वतःच्या चुकीची होती.

काल नाहिदने मला जेवायला बोलावलं. रिफअत घरी होता. त्याने दार उघडलं, मान हलवली, बाजूला झाला. भात, मसूर, वर तळलेला कांदा असं काहीतरी होतं, छान होतं. मरवा शाळेतल्या कुणा जेनिफरबद्दल आईला आणि मला सांगत होती, भरभर, हात हलवून, घरच्या बोलण्यात. रिफअत पाण्याचा जग घेऊन आत आला आणि ती थांबली. घाबरून नव्हे. आपण दिवा बंद करतो तशी थांबली.

तो तिच्याशेजारी बसला. आणि मावशी, त्याने तिला घरच्या भाषेत विचारलं, माझ्यासमोर, अगदी मऊ आवाजात, 'आणखी काय हवंय गं तुला, मरवा?' वर्षभरात त्याच्या तोंडून असं बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं. इतकं गोड बोलतो तो ते.

मरवाने ताटातून मान वर न करता म्हटलं, 'नथिंग, डॅडी.'

नाहिद नंतर भांडी विसळताना म्हणाली, मीटिंगच्या दिवसापासून असंच चाललंय. मरवा बापाशी दोन्हीपैकी कुठलीच अरबी बोलत नाही. शाळेत शिकलेलं जेवढं इंग्रजी आहे तेवढ्यातच भागवते, आणि जे त्यात बसत नाही ते सांगतच नाही. त्याने आधी दटावलं, मग खेळणं आणलं, आता रोज रात्री जेवताना असा मऊ आवाजात विचारतो. आम्हाला वाटलं होतं त्या दिवशी गालिच्यावर पोर चित्रांत रमली आहे. ती सगळं ऐकत होती.

निघताना तो दारापर्यंत आला. काही बोलायचं होतं त्याला. मी कोट घातला, हातमोजे घातले, टोपी घातली, थांबले नाही. मला त्याची कीव यायला हवी होती, तू असतीस तर म्हणाली असतीस. येईल कधीतरी. काल आली नाही.

तुझी,
पद्मिनी